मोठ्या अक्षरांतलं उत्तर

सू-छिनच्या ज्या पत्राला वेन यांनी तीन वर्षं उत्तर दिलं नव्हतं, ते पाठ होण्याइतकं छोटं होतं. ‘डॉक्टर म्हणतात, डोळे अजून दोन वर्षं साथ देतील. तोवर तुमचं एखादं पत्र वाचायचंय. मोठ्या अक्षरांत लिहा.’ तैपेईतल्या एका तळघरातल्या, संगणक दुरुस्तीच्या दुकानात, मांडीवरची पिशवी दोन्ही हातांनी धरून वेन बसले होते आणि तेच पत्र मनात पुन्हा वाचत होते.

“काढा, काका,” दुकानदार त्सायबाई म्हणाल्या.

लॅपटॉपबरोबर पिशवीतून मक्याच्या कुरकुऱ्यांचं एक पुडकंही बाहेर आलं.

“हे काय? पिवळं?”

“यंत्राजवळ ठेवतात ना, ते शहाण्यासारखं चालावं म्हणून…”

“हिरवं ठेवतात, काका. पिवळ्यानं यंत्र बंद पडतं, शाळेतली पोरंसुद्धा सांगतील. आणि तारीख बघा, मागच्या वर्षीच उलटलीय. तरीच बिचारं रुसलंय.”

वेन ओशाळले. त्या दिवशी वाण्याकडे हिरवी पुडकी संपली होती, आणि आतून आणून द्या म्हणायचा त्यांना संकोच वाटला होता.

बाईंनी लॅपटॉप उलटा करून स्क्रू काढले. आतली बॅटरी वाफवलेल्या पावासारखी टम्म फुगली होती.

“रात्रंदिवस वायर लावून ठेवत होतात ना?”

“झिजू नये म्हणून.”

“भरून भरून नुसती ठेवली, की अशीच मरते ती. वापरायची असते हो.” बाईंनी ती जपून वाळूच्या डब्यात ठेवली आणि एका कागदावर किमती लिहायला घेतल्या. “आता ऐका. कंपनीची बॅटरी बत्तीसशेला. एरवी तीन वर्षं जाते, पण या मॉडेलची आता बनत नाही; मिळालीच तर गोदामात पडून अर्धी संपलेली. दुसरी चौदाशेला, वर्षभर चालली तर नशीब. आणि यंत्रच दहा वर्षांचं. तुम्हाला किती वर्षं हवंय ते?”

शहात्तर वर्षांच्या माणसाला हा हिशेब जमेना.

“एक पत्र पुरं होईपर्यंत,” ते म्हणाले.

बॅटरीशिवाय, नुसत्या वायरीवर बाईंनी यंत्र सुरू केलं. पडद्यावर फायलींची रांग उमटली. “उत्तर एक, उत्तर दोन… सदतीस! काका, लग्न जमवताय का कुणाचं? यातलं कुठलं पाठवलंत?”

“एकही नाही.”

बाईंचं हसू ओसरलं. “कुणाला लिहिलीत?”

“बावीस वर्षं आम्ही समोरासमोर बसून मुद्रितं तपासली. आता ती ताइतुंगला असते. डोळे जात होते तिचे. अक्षर मोठं करता येतं म्हणून यावर लिहायला घेतलं.”

“जात होते म्हणजे? कधीची गोष्ट?”

“दोन वर्षं आहेत म्हणाली होती. तीन झाली.”

पलीकडच्या दुकानात कुणीतरी छपाईयंत्र तपासून पाहत होतं. कोरे कागद एकामागून एक बाहेर पडत होते.

“शेवटचं छापून देऊ?” बाईंनी हळूच विचारलं.

वेन यांनी सदतिसावं उत्तर उघडलं. दोन पानं, नेटकी. दुसऱ्याच ओळीत एक शब्द खटकला आणि त्यांचं बोट आपोआप कळफलकाकडे गेलं. जन्मभर दुसऱ्यांची वाक्यं दुरुस्त केली; आपलं एकही बरोबर आहे असं त्यांना कधी वाटलं नव्हतं. बोट तिथंच थांबलं.

“बंद करा,” ते म्हणाले. “तो किमतीच्या पाट्या लिहायचा पेन द्याल का? जाड?”

बॅटरीच्या किमती लिहिलेला कागद त्यांनी उलटा केला. एकेक अक्षर मुठीएवढं झालं आणि कागद बघता बघता भरला.

‘उशीर माझा. येऊन वाचून दाखवू का? वेन.’

एका ठिकाणी शाई पसरली होती. त्यांनी दुसरा कागद मागितला नाही. बाईंनी गल्ल्यातून पाकीट आणि तिकीट काढून दिलं.

“आणि बॅटरी?”

“राहू द्या.”

बाईंनी लॅपटॉप पिशवीत घातला, वर आपल्या टेबलावरचं हिरवं पुडकं ठेवलं. “कोपऱ्यावर दोन पेट्या आहेत. हिरवीत नका टाकू, काका. लाल पेटीतलं लवकर पोचतं.”

वेन दोन्ही पेट्यांसमोर बराच वेळ उभे राहिले. मग त्यांनी लाल पेटीच्या फटीत पाकीट सरकवलं आणि बोटं सोडली. पेटी रिकामीच असावी. पाकीट तळाला पडल्याचा आवाज त्यांना स्पष्ट ऐकू आला.