दुसरा दगड कुठे आहे

ज्या माणसाने आयुष्यात कुणावर हात उगारला नाही, त्याच्या हातून किती माणसे मरू शकतात? हा प्रश्न पदार्थविज्ञानाच्या कोणत्याही अभ्यासक्रमात नाही. मला त्याचे उत्तर ठाऊक आहे. दोन.

शहाऐंशी सालचा उन्हाळा. लातूर जिल्हा होऊन जेमतेम चार वर्षे झाली होती. कार्यालयांच्या पाट्यांवरचा रंग ताजा होता आणि नळ कोरडे होते. मुदखेडहून येऊन मी इथल्या एका महाविद्यालयात बी.एस्सी.च्या वर्गाला यामिकी शिकवीत होतो. माझे सहकारी मुलांच्या डोक्यात हजेरीपटाचा पुठ्ठा हाणीत आणि मग त्यांना चहा पाजीत. मला हे रानटी वाटे. मी फक्त प्रश्न विचारी. उत्तर कधी सांगत नसे, आणि 'बरोबर' हा शब्द तर मी वर्षातून एखाद्या वेळीच खर्च करीत असे. माझ्या तासाला मुलांचे तळवे ओले होत. ते मी आदराचे लक्षण मानीत होतो.

फेब्रुवारीतल्या तोंडी परीक्षेत सिद्धेश्वर माझ्यासमोर उभा राहिला. त्याचे वडील माणिकप्पा यारीवाले. यारी म्हणजे विहिरीच्या तळातून मुरूम-दगड वर काढण्याचे यंत्र: काठावरून विहिरीवर झुकलेला एक भक्कम हात, त्याच्या टोकाला कप्पी, कप्पीवरून गेलेला तारेचा दोर. दोराच्या एका टोकाला दगडांनी भरलेला लोखंडी डबा, दुसरे टोक खाली, काठाशी रोवलेल्या इंजनाच्या चाकावर गुंडाळलेले. दुष्काळात सगळे धंदे बसले होते, विहिरी खोल करण्याचा तेवढा उभा होता.

मी त्याला तेच विचारले. डब्याचे वजन अमुक, तो स्थिर गतीने वर येतो आहे, तर कप्पी ज्या हाताला टांगली आहे त्यावर भार किती?

"दुप्पट, सर."

"का?"

पुस्तकात तसे आहे, असे तो म्हणाला. मी त्याला विचारले की दगड एक आहे, मग हातावर दोन कसे लटकतात? दुसरा दगड कुठे लपवून ठेवलास? तुझ्या बापाच्या यारीला विचारून ये. पाळीची वाट पाहणारी मुले हसली. सिद्धेश्वरही हसला, आणि त्याचे कान लाल झाले. त्याचे उत्तर अचूक होते. ते मी त्याला सांगितले नाही. कारण न कळता अचूक उत्तर देणे मला चोरीसारखे वाटे, आणि चोराला शाबासकी कोण देतो?

मला एका वाक्यात सांगता आले असते. दोर दोन्ही बाजूंना खाली ओढतो. एकीकडे दगड, दुसरीकडे तितक्याच जोराने इंजन. दोन्ही ओढी त्या एका हातावर येतात. हे सांगायला एक श्वास पुरला असता.

एप्रिलमध्ये तो घरी आला. उत्तर सापडले, म्हणाला. यारीलाच विचारून दाखवतो. औसा रस्त्यावर, औशाच्याही पुढच्या एका गावात सरकारी विहिरीचे काम लागले होते, आणि वडिलांच्या यारीचा लोखंडी हात दुसऱ्या विहिरीवर अडकला होता, म्हणून बाभळीची नवी तुळई बसवली होती. ही तुळई दुप्पट भार सोसणार नाही, असे त्याने बापाला पुस्तक दाखवून सांगितले. माणिकप्पांनी पुस्तक परत दिले आणि म्हणाले, "कस लावू. लाकूड खोटं बोलत न्हाई."

नव्या लाकडाचा कस लावायची त्यांच्यात रीत होती. भरलेला डबा तुळईला दोराने सरळ बांधायचा, लाकडाला विभूती लावायची, नारळ फोडायचा, आणि खोबरे सगळ्यांना वाटून होईपर्यंत डबा तसाच लोंबू द्यायचा. तुळई करकरली नाही तर ती चालती. त्यांच्या आजोबांपासून हा कस खोटा ठरला नव्हता. आधीचे सगळे हात, लाकडी असोत की लोखंडी, गरजेपेक्षा चौपट जाड होते, एवढेच कारण. पण ते कुणाला दिसण्याचे कारण नव्हते.

"रविवारी या सर," सिद्धेश्वर म्हणाला. "कस आजवर चुकला न्हाई, पुस्तकच चुकलं असंल. डोळ्यांनी बघा. दुसरा दगड न्हाईच."

मी गेलो. विहिरीच्या तळाशी ग्यानोबा आणि त्याची बायको केवळाबाई डबा भरायला उतरलेले होते. वर काठावर सगळे गाव पाण्याच्या टँकरसाठी घागरी मांडून उभे होते, आणि टँकर आला नव्हता. दगडांनी भरलेला डबा तुळईला सरळ बांधून टांगला गेला. नारळ फुटला. माझ्याही हातावर खोबऱ्याचा तुकडा आला. तुळईने हूं की चूं केले नाही. सिद्धेश्वरने माझ्याकडे असे पाहिले की जणू त्याने माझा खिसा कापला होता आणि मला पत्ता नव्हता.

आणि मला त्या क्षणी सगळे दिसले. कसात इंजन नव्हते. ज्या भाराची परीक्षा झाली तो निम्मा होता.

आता डबा सोडवून दोर कप्पीवरून घेतला गेला, रिकामा डबा खाली गेला, भरला गेला. यास दहा-बारा मिनिटे लागली. एवढ्या वेळात 'थांबवा' हा शब्द शंभरदा उच्चारता येतो. मी सिद्धेश्वरला बाजूला घेतले आणि विचारले, "हा कस नेमका कशाचा लागला?"

तो विचारात पडला. चांगला विद्यार्थी होता. कपाळावर आठ्या घालून तो तुळईकडे बघत राहिला. मी वाट पाहिली. उत्तर त्याचे त्यालाच सापडायला हवे होते.

माणिकप्पांनी इंजन सुरू केले.

डबा तळ सोडून निम्म्यापर्यंत आला आणि तुळई मधोमध मोडली. आवाज मोठा नव्हता, ऊस मोडल्यासारखा. डबा, कप्पी आणि तुळईचे तुटलेले टोक एकापाठोपाठ खाली गेले. खालून एकच आवाज आला, केवळाबाईचा, तोही अर्धा. तुटल्यावर मोकळ्या झालेल्या दोराने काठावरच्या घागरी झाडून नेल्या. दोघांना वर काढले तेव्हा ग्यानोबाला त्याच्या पटक्यावरून ओळखावे लागले.

लोकांनी माणिकप्पांना इंजनावर दाबून धरले आणि फावड्याच्या दांड्याने मारले. ते शपथा घेत होते: कस लावला होता, तुम्ही सगळ्यांनी खोबरं खाल्लं, लाकूड आतून कुजकं निघालं, वखारवाल्याने फसवलं. खोबरे सगळ्यांनी खाल्ले होते, हे खरे होते. दांडे थांबले. कुणीतरी म्हणाले, वखारीवर चला. दोन ट्रॅक्टर सुरूही झाले. बापाचा जीव वाचला होता, आणि वखारवाला लातुरात होता, बारा कोस लांब.

सिद्धेश्वर तुटलेल्या तुळईजवळ बसला होता. मोडलेला भाग त्याने नखाने खरवडून पाहिला. लाकूड तांबूस, टणक, निरोगी होते. मग त्याने मान वर करून इंजनाकडे पाहिले, दोराकडे पाहिले, परत इंजनाकडे. आणि त्याच्या चेहऱ्यावर ती गोष्ट उमटली जिच्यासाठी मी शिक्षक झालो होतो. पंधरा वर्षांत मी ती तीनदाच पाहिली आहे. त्याला कळले होते. तो अक्षरशः उजळला.

"लाकूड चांगलंय," तो उठून मोठ्याने म्हणाला. "दुसरा दगड इंजन हाय. इंजनबी तुळईलाच लटकलं होतं. कसाच्या वक्ताला ते न्हवतं. मला पुस्तकातून ठाऊक होतं, मीच खोटं धरलं."

शब्द किती जणांना समजले, सांगता येणार नाही. त्याचा चेहरा मात्र सर्वांना दिसला. दोन प्रेते झाकून ठेवलेली, आणि यारीवाल्याचा पोरगा हसतो आहे.

ट्रॅक्टर बंद झाले. पहिला दांडा तोंडावर बसला. नंतर त्याचा उजवा हात दोघांनी तुळईच्या तुकड्यावर आडवा धरला, जशी वही धरावी, आणि तिसऱ्याने मनगटापासून कोपरापर्यंत काम केले. त्यात घाई नव्हती. माणिकप्पा आपल्या पोराच्या अंगावर पडायला धावले. त्यांना इंजनाला बांधून ठेवण्यात आले. मी दहा पावलांवर होतो. पांढरा सदरा, हातात खोबऱ्याचा तुकडा. मला कुणी बोटही लावले नाही. त्या गर्दीला शिकवण्याचा गुन्हा ठाऊक नव्हता. मी पुढे होऊन म्हणू शकलो असतो की या मुलाला हा प्रश्न मी दिला, उत्तर माझ्याजवळ फेब्रुवारीपासून होते. तेही एकच वाक्य होते.

पोलिसांची जीप आली तेव्हा त्याला मागच्या बाकावर आडवे केले, आणि ओळखीचा म्हणून मला त्याच्या उशाशी बसवले. हात कापडात गुंडाळलेला होता आणि कापडाला हाताचा आकार राहिला नव्हता. औशाजवळ त्याने डोळे उघडले. पुढचे दात नव्हते, म्हणून शब्द लागायला वेळ गेला.

"सर, आता तरी बरोबर हाय का? दुप्पट?"

तो उत्तराची वाट पाहत होता. जीपच्या चालकानेही आरशातून माझ्याकडे पाहिले.

"जवळजवळ," मी म्हणालो. "इंजनाकडचा दोर थोडा तिरका होता."