खिशातले चार किलो

माझ्या काचेखालची लाल सुई थांबण्याआधी दोनदा थरथरते. तेवढ्या क्षणात वर उभं असलेलं माणूस श्वास रोखून धरतं.

मी एक जुना वजनकाटा आहे, मित्रांनो. कारखान्यातल्या कारागिराने मला पारखलं आणि म्हणाला, "गडी खरं बोलतो!" या घरात मात्र मी कित्येक वर्षं कपाटाखाली धूळ खात पडलो होतो.

मग थोरल्या बहिणीने धाकटीला आपली एक किडनी दिली आणि माझं नशीब फळफळलं! डॉक्टरांनी रोज वजन बघायला सांगितलं होतं. थोरलीने मला पुसून आपल्या शिवणाच्या टेबलाजवळ ठेवलं. रोज सकाळी धाकटी वर चढायची, आकडा वहीत लिहायची. बावन्न! त्रेपन्न! मी हरखून जायचो.

शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून ती गोळ्या घेत होती. काही महिन्यांनी त्या गोळ्यांनीच तिचं पोट मंदावलं. सकाळचं खाणं संध्याकाळपर्यंत पोटात तसंच. दोन घासांत पोट गच्च, मग उलटी. तिने ब्र काढला नाही. तिला एकच धास्ती: डॉक्टरांनी गोळ्या बदलल्या आणि ताईची किडनी गेली तर? वजन उतरू लागलं, तशी ती कापड दाबून ठेवायची लोखंडी वजनं टेबलावरून उचलून स्वेटरच्या खिशांत घालू लागली. मी तरी काय करणार? जे वर येतं, ते सांगतो!

एके सकाळी थोरली कडाडली, "तुझ्या स्कर्टची कंबर तिसऱ्यांदा आत घेतेय मी! आणि काटा म्हणतो त्रेपन्न?"

"जुना झालाय गं तो."

"मग जाऊ दे भंगारात!"

माझी स्प्रिंगच आखडली! पण आधी ती स्वतः माझ्यावर चढली. मी तिचे नेहमीचे एकसष्ट दाखवले. अगदी चोख!

"हा तर बरोबर आहे. चढ तू. थांब, खिशात काय खणखणतंय? अगं, माझी वजनं! आणि मी घरभर शोधतेय!"

अर्ध्या-अर्ध्या किलोची आठ वजनं टेबलावर परत गेली. सुई थरथरली आणि एकोणपन्नासवर थांबली.

मित्रांनो, आम्हाला पुसा, सपाट फरशीवर ठेवा, आणि आमच्यावर रिकाम्या खिशांनी चढा. एवढंच मागणं आहे.

धाकटीने सगळं सांगून टाकलं. थोरली म्हणाली, "वेडाबाई, गोळीच पोटात अडकून राहिली, तर किडनीला काय पोचणार?"

धाकटीने वहीत एकोणपन्नास लिहिलं. मग म्हणाली, "आज डॉक्टरांना सगळं सांगणार. पण ताई, तू बरोबर चल. नाहीतर मी पुन्हा म्हणेन, सगळं ठीक आहे."