मॅमथची फांदी

"काका, ही फळी उतरवून गोदामात टाका. सोमवारी छापील येतेय," संग्रहालयाच्या मॅडम म्हणाल्या.

सुतारकाका शिडीच्या दुसऱ्या पायरीवर होते, तिथेच थांबले. "हिला काय झालं? वाळवी नाही, पोपडा नाही."

"चुकीची आहे हो. शाळेतली मुलं वह्यांत उतरवून नेतात."

काकांना ते झोंबलं. फळीवर हत्तींच्या घराण्याचं झाड होतं. लाकडी पट्ट्यांच्या फांद्या काकांनी बसवलेल्या, टोकांच्या पाट्यांवर नावं बायकोनं लिहिलेली. संग्रहालयाच्या सगळ्या पाट्या तिच्याच हातच्या असायच्या. मग एकेक करत छापील आल्या आणि ही एवढी उरली. बायकोला जाऊन आठ महिने झाले होते.

"तिची वेलांटीसुद्धा कधी चुकली नाही," काका म्हणाले.

"काकूंचं अक्षर नाही चुकलं, झाड चुकलंय. इथे दोन जिवंत हत्ती एकमेकांचे जवळचे दाखवलेत आणि मॅमथ लांबचा. जुन्या हाडांतली जनुकं तपासली तर उलटंच निघालं. आफ्रिकन हत्तीची फांदी आधी फुटली. आशियाई आणि मॅमथ त्यानंतर वेगळे झाले."

"म्हणजे जिवंत आहे तो चुलत आणि मेला तो सख्खा?"

"तसंच समजा."

काका खाली उतरले आणि काचेच्या कपाटापाशी गेले. आत मॅमथची आणि दोन्ही जिवंत हत्तींच्या अशा तीन दाढा होत्या, एकेक विटेहून मोठी. बायको दर महिन्याला त्या ब्रशनं झाडायची आणि परत ठेवताना मॅमथची दाढ हटकून आशियाई हत्तीच्या दाढेला खेटून ठेवायची. मागून काका ती उचलून नंबराप्रमाणे कडेला सारायचे.

"अगं, नंबर बघत जा."

"नंबर कशाला? तोंडावळा बघा. या दोघींवर कानशीसारख्या बारीक रेघा. तिसरीवर पत्त्यांतल्या चौकटीसारखे चौकोन."

"आता शास्त्रज्ञ झालीस वाटतं."

"तोंड पुसणारीला कळतं हो, कोण कोणावर गेलंय ते."

काकांनी हे सगळं मॅडमना सांगितलं. मॅडम वाकून बराच वेळ दाढा बघत राहिल्या. "काकूंनी हे कुणाला सांगितलं कसं नाही?"

"मला सांगितलं ना. वीस वर्षं सांगत होती." काकांनी चष्मा काढून पुसला. "मॅडम, फांदी हलवली तर फळी बरोबर होईल?"

"होईल. पण एक नाव वाढवावं लागेल. सरळ सुळ्यांचा हत्ती. तोही नामशेष झालाय, पण आफ्रिकन हत्तीच्या बाजूचा." मॅडमनी क्षणभर विचार केला. "शनिवारपर्यंत जमलं तर छापील नको म्हणून कळवते."

काकांनी फळी कारखान्यात नेऊन पालथी घातली. स्क्रू त्यांनीच आवळलेले, त्यामुळे सहजी सुटेनात. शिव्या त्यांनी स्वतःलाच घातल्या. आफ्रिकन हत्तीची पट्टी खाली, बुंध्याजवळ आणली आणि नव्या नावासाठी तिला एक फाटा जोडला. मॅमथची पट्टी तिरकी कापून आशियाई हत्तीच्या पट्टीला जोडली. जुन्या भोकांत लाकडाचे खुंटे ठोकून घासले. पाट्यांना मात्र हात लावला नाही. मॅमथची पाटी नव्या जागी गेली तेव्हा ते पुटपुटले, "घे. झालं समाधान?"

नव्या पाटीसाठी मॅडम चिकटपट्टीवर नाव छापून आणणार होत्या. काका नको म्हणाले. बायकोच्या डब्यातला बारीक ब्रश काढून ते दोन दिवस प्लायच्या तुकड्यांवर गिरवत बसले. ती आधी अक्षरं मोजायची आणि मधोमध खूण करायची. ते काकांना माहीत होतं, पण ऐन वेळी डोक्यातून गेलं आणि त्यांनी सरळ डावीकडून सुरुवात केली. 'सरळ सुळ्यांचा' एवढ्यातच पाटी भरली. 'हत्ती' कडेला अंग चोरून उभा राहिला.

शनिवारी फळी भिंतीवर चढली. मॅडमनी एकेक नाव वाचलं आणि शेवटच्या पाटीशी अडखळल्या. "काका, एवढी एक पुन्हा लिहायची का? वेळ आहे अजून."

"नको. राहू दे. तिच्या ओळीत बसलंय, तेवढं पुरे."

त्यांनी रॉकेलच्या चिंधीनं ब्रश पुसला, केस चिमटीत धरून त्याचं टोक नीट केलं आणि तो कानावर खोचला.