काचेच्या चकतीतला काळोख

मित्रांनो, मी एक जुनी काचेची चकती आहे. जन्म ट्रॉम्बेच्या एका कार्यशाळेतला. माझी जाडी गोल फिरत किंचित वाढत जाते आणि फेरी पुरी झाली की एकदम उतरते. नुसत्या डोळ्यांना ते दिसत नाही. पण माझ्यातून लेझरचा किरण गेला की तो भोवऱ्यासारखा पीळ घेतो. अगदी मध्यावर सगळ्या बाजूंच्या लहरी एकमेकींना खोडतात आणि तिथे उजेड उरतच नाही. पडद्यावर लाल कडं, मधे काळोख. तोच माझा गुण.

घाटकोपरच्या एका कॉलेजात गार्गी मॅडमनी मला आणलं आणि फार कौतुक केलं. त्या कॉलेज सोडून गेल्या, माझ्या डबीवरची नाव-काम लिहिलेली चिठ्ठीही गळून पडली. मग सात वर्षं मी कपाटात. फक्त खंडेनवमीला प्रयोगशाळेच्या विमलाबाई मला बाहेर काढायच्या, पुसायच्या आणि सगळ्या यंत्रांसोबत माझ्याही चौकटीला हळदकुंकू लावायच्या. मला तेवढंच बरं वाटायचं. यंदा घाईत कुंकू थेट काचेवर लागलं.

दसऱ्यानंतर नवे नितेश सर आले, त्यांनी मला लेझरसमोर धरलं. मधे काळा ठिपका दिसला. त्यांनी स्पिरिटने घासघासून कुंकू काढलं, मला ओरखडा पडला, पण ठिपका जागचा हलला नाही.

"विमलाताई, तुमच्या कुंकवाने काचेची वाट लागली. भंगारात टाका आता."

"चुकलं सर. यापुढे कशाला हात लावणार नाही मी." सव्वीस वर्षं प्रयोगशाळा सांभाळलेल्या त्या बाईने हात पदरात घेतले. मला फार वाईट वाटलं, पण काचेला बोलता कुठे येतं?

वाकोल्याहून येणारी विद्यार्थिनी सेलिना तिथे प्रयोग करत होती. ती म्हणाली, "सर, एवढासा डाग असेल तर लांब गेल्यावर त्याची सावली पुसट होईल ना? बघूया. मावशी, हा पुठ्ठा धरा आणि मागे मागे जा."

विमलाबाई व्हरांड्यात एकेक पाऊल मागे सरकू लागल्या. कडं मोठं होत गेलं, आणि मधला काळोखही. जिन्यापाशी तो बोराएवढा झाला, तरी तितकाच काळा.

सरांनी जिन्यापाशी जाऊन पुठ्ठा जवळून पाहिला. "हा डाग नाही. हिचं कामच हे आहे. मला ओळखता आलं नाही, ताई. चूक माझी."

"मग ठेवायची ना हिला?"

"ठेवायची. आणि तुम्हीच ठेवायची."

मित्रांनो, तुमच्याकडच्या वस्तूंवर त्यांचं नाव आणि काम लिहून ठेवा. काही बिघडलेलं वाटलं तर आधी चार पावलं लांब जाऊन बघा, मग कोणाला बोल लावा. माझ्यावरचा ओरखडा मला सोसतो. पदरात गेलेले ते हात मात्र अजून आठवतात.