साडेतीन हजारांनी पाहिलेली पट्टी

मी एक जुनी जाहिरात आहे. कागदावरची नव्हे, वेबसाईटच्या माथ्यावर झळकणारी, बोटभर उंचीची पट्टी. आता रोह्याच्या एका कॉम्प्युटर क्लासच्या कपाटात, फ्लॉपीवर धूळ खात पडले आहे.

मित्रांनो, माझा जन्म १९९९ च्या जानेवारीतला. पेणचे दिनानाथकाका शाडूचे गणपती करायचे. गिऱ्हाइकाने आपलं नाव घातलेला लाकडी पाट कारखान्यात आणून ठेवला, की त्याची मूर्ती ठरली! पण हे पाट वर्षागणिक कमी होत चालले होते. यंदा परदेशातून मागणी आली तर ठीक, नाहीतर कारखाना बंद, असं काकांनी ठरवलं होतं. म्हणून क्लास चालवणाऱ्या वैशालीताईंनी मला घडवलं आणि परदेशातल्या मराठी माणसांच्या एका वेबसाईटवर चढवलं. काय माझा रुबाब! लाल काठ, मधे गणपती आणि शेजारी ठळक अक्षरांत ‘इथे दाबा’.

काका दर शनिवारी गाडीने रोह्याला येत आणि मला डोळे भरून पाहत. आषाढात त्यांनी ताईंना विचारलं, “किती जनांनी बघितली गो?”

“साडेतीन हजार, काका. पण दाबून आत आला तो एकच.”

“आला ना एक? कारखान्यात पाऊल टाकलेल्याला रिकामा धाडायचा नाय. त्याचा पाट नाय तर माझ्या घरचा देतो. मूर्ती करायलाच घेतो बघ!”

ताईंचा चेहरा उतरला. तो एक म्हणजे त्या स्वतःच होत्या. मी नीट उघडते का, हे बघायला पहिल्याच दिवशी त्यांनी मला दाबलं होतं. पण काका इतके खुलले होते, की खरं सांगायला त्यांची जीभ रेटेना. मला तर तोंडच नव्हतं.

हरतालिकेच्या दिवशी काका आले. “सगळे गणपती गेले गो. त्याचा एकटाच हाय. काय निरोप?”

ताईंना रडू फुटलं. रडत रडतच त्यांनी सगळं सांगून टाकलं. काकांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

“मंग येवढे दिवस मी कोनाची वाट बघत व्हतो गो?”

ती मूर्ती ताईंनी आपल्या घरी नेली. पुढच्या वर्षी कारखाना उघडला नाही. इतक्या नजरा मिळूनही मी काकांना एक पाट मिळवून दिला नाही, याचं मला आजही फार वाईट वाटतं.

मित्रांनो, आम्हा जाहिरातींकडे नुसतं पाहून तुम्ही खुशाल पुढे जा. पण कुणी तुमच्या वाटेकडे डोळे लावून बसलं असेल, तर आपण येणार नाही, एवढं त्याला वेळेवर सांगा.