पॉइंट सातची फरशी

एकाच फरशीला दोन तोंडं असू शकतात, हे तिला सोमवारी सकाळी ऑफिसच्या दारातच कळलं. डोळ्यांच्या दवाखान्याच्या नव्या इमारतीचं भलंमोठं चित्र समोरच्या भिंतीवर लावलं होतं. लांबलचक व्हरांडा, टोकाला छतापर्यंत पोचलेली खिडकी, आणि फरशीत तीच खिडकी उलटी, चौकटीसकट. चित्र देखणं होतं, वादच नाही. पण ती फरशी तिची नव्हती.

ऑफिसात तिला सगळे प्रकाशताई म्हणत. इमारत उभी राहण्याआधीच आत उजेड कसा पडेल, कुठे अंधार राहील, कुठे डोळे दिपतील, हे कॉम्प्युटरवर काढून त्याखाली सही करायची, हे तिचं काम. त्या प्रोग्रामला पॉलिश केलेला दगड वगैरे काही कळत नाही. त्याला दोन पृष्ठभाग द्यायचे. एक मंद, उजेड चहूकडे पसरवणारा. दुसरा आरसा, आला तसा परत फेकणारा. मग या दोघांच्या मिश्रणात आरसा किती, याचा शून्य ते एकमधला आकडा भरायचा. नमुन्याची फरशी तीन दिवस खिडकीशी ठेवून, पुन्हापुन्हा मीटर लावून तिनं आरशाला पॉइंट एक दिला होता. डोळे दिपण्याचं प्रमाण मर्यादेत आलं, तेव्हाच तिनं अहवालावर सही केली होती.

जागेवर जाऊन तिनं चित्राची फाइल उघडली. पॉइंट सात!

"हा आकडा कुणी बदलला?" तिनं शेजारी बसणाऱ्या चित्रकाराला विचारलं.

"साहेब म्हणाले, फरशी मेलेली दिसतेय, जरा जान आणा." त्यानं कानावरचा हेडफोनही काढला नाही. "चित्रच आहे ना ताई, त्यावरून कोण चालणार आहे?"

ती तडक साहेबांच्या केबिनमध्ये शिरली. साहेब ऑफिसचे मालक, आणि गोड बोलण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता.

"अहो, चित्र वेगळं, अहवाल वेगळा. एवढं काय मनाला लावून घेता?"

"आणि बसणार कुठली?"

"चित्रातली. दवाखान्याच्या लोकांना तीच आवडली. शुक्रवारी मोठ्या डॉक्टरबाई येऊन ऑर्डरवर सही करतील."

"मग माझा अहवाल?"

"तो तर कधीच मंजूर झाला की!" साहेब आनंदाची बातमी दिल्यासारखे म्हणाले.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे दाखला एका फरशीचा घ्यायचा आणि बसवायची दुसरीच! उद्या डोळ्याला पट्टी बांधलेलं माणूस त्या व्हरांड्यात पडलं, तर कागदावर सही हिची. आणि वर मनाला लावून घेता म्हणे. मग काय भिंतीला लावायचं?

तिनं दोन दिवस खपून पॉइंट सात धरून सगळं पुन्हा काढलं. सकाळी दहापासून दुपारपर्यंत तो व्हरांडा मर्यादेच्या कितीतरी बाहेर जात होता. साहेबांनी कागद वरवर चाळले आणि म्हणाले, "मधला मार्ग काढू. दोन्हीकडे पॉइंट चार टाका. तुम्हीही खूश, तेही खूश."

पॉइंट चार! भाजीच्या गाडीवर भाव पाडावा तसा आकडा पाडायचा. विक्रेत्याकडे पॉइंट एकची फरशी होती, पॉइंट सातची होती. पॉइंट चारची फरशी जगातल्या कुठल्या खाणीतून काढणार होते हे?

तिला एवढं झोंबण्याला आणखी एक कारण होतं, आणि ते तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं. दोन महिन्यांपूर्वी ती अण्णांना, म्हणजे वडिलांना, बँकेत घेऊन गेली होती. अण्णांनी चाळीस वर्षं फरश्या घासल्या. मशीनला घासायचे दगड लावायचे, जाडापासून बारीकापर्यंत एकेक बदलत न्यायचं, आणि फरशीत स्वतःचा चेहरा दिसल्याशिवाय उठायचं नाही. आता दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. बँकेच्या दारात ते एकदम थबकले. "पाणी सांडलंय," म्हणाले. पाणी नव्हतं, काचेतून आलेलं ऊन फरशीवर चकाकत होतं. मागे लोक खोळंबले, कुणी तोंडानं चुकचुकलं. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं आणि तिनं अण्णांचा दंड धरून त्यांना ओढत आत नेलं. घरी येईपर्यंत ते तो दंड चोळत होते.

शुक्रवारी तिनं अण्णांना "माझं ऑफिस बघायला चला" एवढंच सांगितलं. ते खुळ्यासारखे खूश झाले. दाढी केली, इस्त्रीचा सदरा घातला.

मीटिंगच्या खोलीत विक्रेत्यानं खिडकीपासून दारापर्यंत त्या चकचकीत फरशीची ओळ मांडून ठेवली होती. डॉक्टरबाई पलीकडे बसल्या होत्या, ऑर्डरचा कागद पुढ्यात, पेन हातात. ती अण्णांना घेऊन दारात आली तशा साहेबांनी कपाळाला आठ्या घातल्या, पण म्हाताऱ्या माणसाला घालवणार कसं?

"या या, आत या," डॉक्टरबाई म्हणाल्या.

अण्णा ओळीच्या कडेशी थांबले. "कुणीतरी पाणी पुसून घ्या आधी."

"कोरडीठाक आहे, आजोबा!" साहेब हसले.

अण्णा कष्टानं खाली बसले. तळहात टेकवला, अंगठ्यानं कड चाचपली. त्यांचा चेहरा उजळला. "शेवटच्या दगडापर्यंत नेलीय. हात बसलेला माणूस आहे." मग गुडघ्यावर हात ठेवून ते उठले. "काम एक नंबर. पण मी नाही चालणार यावरून."

"हात लावून बघितलंत ना? कोरडी आहे," साहेब म्हणाले.

"हाताला कळलं. डोळ्यांना कोण समजावणार?"

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. "कुठे बसवायचीय माहितीय का, काका? डोळ्यांच्या दवाखान्यात."

अण्णांना आधी ती चेष्टाच वाटली. मग त्यांनी एकेकाकडे पाहिलं, आणि कुणीच हसत नाही म्हटल्यावर ते चिडले. "मग दारात एक माणूस पण ठेवा! एकेकाला हात धरून पलीकडे न्यायला."

तिनं दोन्ही अहवाल डॉक्टरबाईंपुढे ठेवले, पॉइंट एकचा आणि पॉइंट सातचा. साहेब काहीतरी मधल्या मार्गाचं बोलू लागले. डॉक्टरबाईंनी ऑर्डरचा कागद सही न करताच विक्रेत्याकडे सरकवला आणि म्हणाल्या, "ही उचला."

ती जिंकली होती. अण्णांना खुर्चीवर बसवावं म्हणून ती त्यांच्याजवळ गेली आणि सवयीनं तिचा हात त्यांच्या दंडाकडे गेला. अण्णांनी दंड हळूच बाजूला घेतला.

"आणि त्या दारातल्या माणसाला सांग," ते खालच्या आवाजात, फक्त तिला ऐकू जाईल असं म्हणाले, "ओढू नको म्हणावं."