दूध नासेपर्यंत

गावचं दूध डेअरीला पोचवणाऱ्या राजवर्धननं आपल्या पिकअपमध्ये दुधात पाणी मिसळलं आणि आळ शिवशरणच्या आईवर घातला. डेअरीनं तिचं दूध घेणं बंद केलं. तो डाग घेऊनच ती गेली.

आज तीच पिकअप, दुधाचे कॅन भरलेली, पुढच्या चाकातून घरघरत शिवशरणच्या गॅरेजात आली. त्यानं चाक उतरवलं, झिजलेलं बेअरिंग काढलं आणि नवं हातात घेऊन बसून राहिला.

“बसीव की लवकर! दूध नासंल!” राजवर्धन ओरडला.

“आदी डेअरीत फोन लाव. पाणी कुणी घातलं हुतं, सांग.”

राजवर्धननं भर उन्हात शिव्या दिल्या, हात जोडले, शेवटी फोनवर सगळं कबूल केलं.

शिवशरणनं बेअरिंग नीट बसवलं. दूध तोवर नासलं होतं. त्याला जराही वाईट वाटलं नाही.